हॅमचं हाड टाकू नका

(टोरांटोमधल्या मराठी मंडळींसमोर हिवाळ्यात दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, पत्रिकेत छापलेला विषय आहे ‘घरच्या घरी वाटाण्याच्या डाळीचं आणि हॅमचं सूप’. कृती सांगणार आहेच. पण त्याआधी मला एक गोष्ट बोलायची आहे. बरीच वर्षं ती मनात घोळतेय आणि खरं तर तिच्यासाठीच मी हे आमंत्रण मागून घेतलं. हे सूप हॅमचं नाही. हे हॅमच्या हाडाचं आहे. मांस त्यात असतं, असावंही, पण सूप उभं राहतं ते हाडावर, सालीवर आणि सांध्याभोवतीच्या त्या चिवट पांढऱ्या भागावर, जो आपण ताटाच्या कडेला सारतो.

असं का, ते बघा. यात पडतं काय? सुकवलेला वाटाणा. खारवून धुरी दिलेलं डुक्कर. कांदा, गाजर, म्हणजे तळघरात चार महिने टिकणारा भाजीपाला. ताजं असं एकही नाही. ज्यांची आजोळं रायगडच्या किनाऱ्यावरची आहेत त्यांना आगोट वेगळी समजावून सांगायला नको. पावसाळ्याआधी सुकट, बोंबील, सोडे भरून ठेवायचे आणि दर्या बंद झाला की तेच पुरवून पुरवून खायचे. हे सूप म्हणजे थंड देशांची आगोट. समुद्राऐवजी इथे जमीन बंद होते, एवढाच फरक. बेगमीच्या स्वयंपाकात पहिला नियम असतो, काही टाकायचं नाही. म्हणून हॅम संपल्यावर हाड उरतं, आणि हाड उरतं म्हणून सूप होतं.

जहाजांवर तर याच्यावाचून गत्यंतर नव्हतं. अठराव्या शतकातल्या ब्रिटिश आरमारात खलाशाला आठवड्याला दोन पाइंट वाटाणा आणि दोन पौंड खारवलेलं डुक्कर मिळायचं. आपल्या या कॅनडात फ्रेंच आले तेव्हा त्यांच्या जहाजांवर हाच शिधा होता. क्वेबेकचं पिवळ्या वाटाण्याचं सूप तिथून आलंय. तिथे अख्खा पिवळा वाटाणा घालतात, डाळ नाही. पुढे मॉन्ट्रियलहून सुपीरियर सरोवराकाठच्या ग्रँड पोर्टेजपर्यंत फरच्या व्यापारासाठी होड्या वल्हवणारे लोक होते, त्यांना चक्क ‘डुकराची चरबी खाणारे’ म्हणत. वाळवलेला वाटाणा नाहीतर मका, आणि त्यात चरबी, हेच त्यांचं रोजचं जेवण.

आता जरा स्वीडनला जाऊन येऊ. आपल्याकडे गुरुवार म्हणजे दत्ताचा वार, मांस-मच्छी बंद असणारी घरं याच सभागृहात कितीतरी असतील. स्वीडनमध्ये गुरुवार हाच वाटाण्याच्या सूपचा वार, आणि त्यात खारवलेलं डुक्कर! कारण असं सांगतात, की शुक्रवारी कॅथलिक उपास, म्हणून आदल्या दिवशी पोटभर जेवून घ्यायचं. देश लुथरन, म्हणजे प्रॉटेस्टंट झाला, उपास गेला, सूप मात्र राहिलं. आजही तिकडे गुरुवारी सूप, मोहरीची चटणी आणि मागून पॅनकेक. त्यांचा एरिक चौदावा नावाचा राजा १५७७ मध्ये कैदेत मेला तो वाटाण्याच्या सूपमधल्या विषाने, अशी पूर्वापार कथा आहे. १९५८ मध्ये त्याची कबर उघडली तेव्हा अवशेषांत आर्सेनिक सापडलं. पहिल्या रांगेतल्या काकू घाबरल्या. काकू, दोष आर्सेनिकचा, वाटाण्याचा नव्हे!

जर्मनीचंही सांगते, कारण ते या विषयाला धरूनच आहे. १८६७ मध्ये ग्र्युनेबर्ग नावाच्या बर्लिनच्या आचाऱ्याने वाटाण्याचं पीठ, चरबी आणि मसाला एकत्र दाबून सॉसेजच्या आकाराची गुंडाळी केली. तुकडा मोडायचा, पाण्यात उकळायचा, सूप तयार. १८७०च्या फ्रान्सविरुद्धच्या युद्धात प्रशियाचं सैन्य त्यावर जगलं. पुढे क्नोर कंपनी ती गुंडाळी बनवत राहिली, अगदी २०१८ पर्यंत. सैन्याची गरज मला कळते. पण हाड वगळलं की या सूपमधून काय जातं, तेही तिथेच कळतं. दाटपणा राहतो, अंग जातं.

तर आता हाडाची गोष्ट. ही मला नीट सांगायची आहे.

ख्रिसमसला एका घरी जेवायला बोलावलं होतं. टेबलाच्या मध्यभागी अख्खा भाजलेला हॅम, म्हणजे डुकराची मागची तंगडी. वरून ब्राउन शुगर आणि मोहरीचा चकाकता थर, चौकटी कापून प्रत्येक चौकटीत एकेक लवंग खोचलेली. जेवण उत्तम झालं. मग आवराआवर सुरू झाली आणि यजमानांनी ते हाड उचलून थेट ग्रीन बिनकडे, म्हणजे ओल्या कचऱ्याच्या डब्याकडे नेलं. आपल्या टोरांटोच्या ग्रीन बिनमध्ये हाडं चालतात, हीच तर पंचाईत आहे! मी उठलेच. म्हटलं, थांबा, मला बघू द्या. खालच्या टोकाला गुडघ्याखालचा सांधा शाबूत होता, त्याच्यावर बोटभर जाडीची साल, हाडाच्या खोबणीत सुरीला न पोचलेलं गडद गुलाबी मांस. निदान आठ माणसांचं जेवण त्या हाडाला चिकटलेलं होतं. यजमानांना वाटलं, आमच्याकडे कुत्रा आहे. मी सूपचं नाव काढलं तशी कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसलेली त्यांची आई एकदम ताठ झाली. ती न्यूफाउंडलंडची. तिच्या माहेरी शनिवार म्हणजे वाटाण्याच्या सूपचा दिवस, वर पिठाचे उकडलेले गोळे सोडायचे, त्यांना डोबॉइज म्हणतात. ती मुलाला म्हणाली, ‘आमच्याकडे हॅम कापायच्या आधी हाड कुणाचं ते ठरायचं.’ आणि मग तिने मला जे सांगितलं ते कुठल्याही पाककृतीत मी वाचलेलं नव्हतं. हाड पातेल्यात जाण्याआधी त्यावरचा साखरेचा थर सुरीने पूर्ण खरवडायचा आणि लवंगा वेचून काढायच्या. नाहीतर सूप गुळचट होतं आणि लवंगेशिवाय दुसरा वास येत नाही. लवंगा वेचायला तिने मला तिथेच बसवलं.

या घराला मी दोष देत नाही. पण दर ख्रिसमसला, दर ईस्टरला या शहरात अशी किती हाडं डब्यात जात असतील, या विचाराने मला खरंच त्रास होतो. आणि दुसऱ्याच आठवड्यात तीच माणसं हॅमचे पातळ काप आणि स्टॉकचे क्यूब विकत आणून सूप करतात. हॉटेलांत तर हिरवी गुळगुळीत पेस्ट, वर क्रीम आणि हॅमचे चार चौकोनी तुकडे मिळतात. मिक्सरने केलेला दाटपणा आणि हाडाने आलेला दाटपणा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. साल, स्नायुबंध आणि सांध्यात कोलॅजन असतं. मंद आचेवर दोन-अडीच तासांत त्याचं जिलेटिन होतं, ते पाण्यात उतरतं, आणि मग सूप ओठाला किंचित चिकटतं. हे कॉर्नफ्लोअरने होत नाही.

वाटाण्याबद्दलही एक आनंदाची गोष्ट आहे. आपण ज्याचा रगडा करतो तो वाटाणा इथलाच असू शकतो. सस्कॅचेवानच्या शेतांतला पिवळा वाटाणा वर्षानुवर्षं भारतात जातोय. नोव्हेंबर २०१७ मध्ये भारताने त्यावर ५० टक्के आयातशुल्क लावलं तेव्हा इथल्या शेतकऱ्यांचे धाबे दणाणले होते. डिसेंबर २०२३ मध्ये हरभऱ्याला पर्याय म्हणून तोच वाटाणा शुल्कमुक्त केला. दादरच्या रगडा-पॅटिसच्या गाडीचं आणि क्वेबेकच्या सूपचं बी एकच, पायसम सटायव्हम. याच्यावर मी अजून...

चिठ्ठी आली. दहा मिनिटं. बरं, कृतीकडे वळते, भरभर लिहून घ्या.

सहा ते आठ जणांसाठी अर्धा किलो डाळ, हिरवी किंवा पिवळी. हिरवी जरा गोडसर, पिवळी सौम्य. धुवून घ्या, भिजवायची गरज नाही. हाड नसेल तर खाटकाकडून धुरी दिलेला हॅम हॉक, म्हणजे डुकराच्या पायाचा खालच्या सांध्याजवळचा तुकडा आणा, साधारण किलोभर. फार खारट वाटला तर एक उकळी आणून ते पाणी फेका. मग अडीच लिटर पाण्यात हॉक, तमालपत्र, थोडं थाइम आणि दहाएक मिरे घालून मंद आचेवर तासभर ठेवा. तमालपत्र इथलं घ्या, मधे एकच शीर असलेलं. आपल्या तीन शिरांच्या पानाला दालचिनीचा वास असतो, तो इथे नको. तासाने डाळ, दोन कांदे आणि सेलरीचे दोन दांडे बारीक चिरून घाला. फेस येईल तो पळीने काढा. गाजरं शेवटच्या अर्ध्या तासात, नाहीतर विरघळतात. आणखी सव्वा ते दीड तासात डाळ आपोआप घोटली जाते, मिक्सरला हात लावायचा नाही. शेवटी मात्र पातेल्यापासून हलू नका, जाड बुडाचं असलं तरी तळाशी लागतं. हॉक बाहेर काढा, मांस सोडवून चिरा, परत घाला. साल नको असेल तर आता काढा, तिचं काम झालंय.

मीठ अगदी शेवटी, चव बघून. बहुतेक वेळा लागतच नाही.

डाळ गणंग का राहते, असं तिघांनी लिहून विचारलंय. तीन कारणं असू शकतात. डाळ जुनी, विशेषतः दमट उबदार जागी ठेवलेली. पाणी जड, आपल्या लेक ओंटारियोचं मध्यम जड आहे, त्याने सहसा अडत नाही. किंवा टोमॅटो-लिंबू आधीच पडलंय. आंबट काही घालायचंच तर डाळ गळल्यावर. सोड्याने ती लवकर शिजते, पण चव जाते आणि बी-१ जीवनसत्त्वही.

कुकरचा प्रश्न येणार हे ठाऊक होतं. डाळ आणि हाड एकत्र कुकरमध्ये घालू नका. या डाळीला फेस फार येतो आणि मिश्रण घट्ट होतं, शिटीच्या भोकात अडकलं तर धोका आहे. घाई असेल तर नुसता हॉक आणि पाणी कुकरमध्ये पाऊण तास, मग ते पाणी पातेल्यात ओतून त्यात डाळ.

शाकाहारी मंडळींनी मन खट्टू करू नये. युरोपात ईस्टरआधीच्या लेंटच्या उपासात वाटाण्याचं सूप बिनमांसाचंच व्हायचं. कांदा लोण्यात चांगला तांबूस परतून घ्या आणि स्मोक्ड पॅप्रिका घाला. दाटपणा डाळीचाच येईल.

वेळ संपली, अध्यक्ष उभे राहिलेत. शेवटचं. त्या दिवशी एक वाटी चाखा आणि उरलेलं फ्रीजमध्ये ठेवा. सकाळी ते सुरीने कापता येईल इतकं आळलेलं असेल, वर चरबीचा पांढरा थर असेल, तो हवा तेवढा काढा. गरम करताना कपभर पाणी आधी घाला, आच बारीक ठेवा. खाताना मोहरीची चटणी आणि राय ब्रेड. फ्रीझरमध्ये तीन महिने सहज टिकतं. आणि ज्यांच्याकडे यंदाच्या ख्रिसमसचं हाड अजून फ्रीझरमध्ये पडून आहे, त्यांनी चहाच्या वेळी मला भेटा.