दरवाजाची खालची कड

नमस्कार श्रोतेहो. पाऊस ओसरला, ऊन पडायला लागलं, की कोकणपट्टीतल्या आणि गोव्यातल्या गाड्यांवर एक गोष्ट हमखास दिसते. दरवाजाच्या खालच्या कडेला रंगाला बारीक फोड आलेले असतात. बोटाने दाबलं की कुरकुरतात, खपली निघते आणि आत तांबूस भुकटी. आज बोलायचंय ते या गंजाबद्दल.

फोड बाहेरून दिसतो, पण दरवाजाच्या कडेचा गंज बहुतेक वेळा आतून आलेला असतो. काचेच्या रबरी पट्टीतून थोडं पाणी दरवाजात उतरतंच. ते बाहेर पडावं म्हणून खालच्या कडेला दोन-तीन निचऱ्याची भोकं ठेवलेली असतात. लाल माती आणि पाल्याचा चुरा तिथे बसला की ती बुजतात. बाहेरचा पत्रा आतल्या पत्र्यावर जिथे दुमडलाय, त्या दुमडीत पाणी साचतं. खाऱ्या हवेतलं मीठ ओल धरून ठेवतं, म्हणून ऊन पडलं तरी ती जागा लवकर सुकत नाही. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो, त्यामुळे रंग वर उचलला जातो. म्हणजे फोड दिसला तेव्हा आतलं काम बरंच पुढे गेलेलं असतं.

आधी तपासा. काचेच्या पट्टीपाशी मगभर पाणी हळूहळू ओता. खालून धार लागली तर ठीक. नुसतं ठिबकत असेल, तर प्लॅस्टिकच्या केबल टायने भोकं मोकळी करा. तारेने रंग खरवडतो. मग स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीने कड ठोकत जा. चांगला पत्रा खणखणतो, सडलेला बद्द वाजतो. जुनी गाडी घेताना आणखी एक करा: मऊ कापडात गुंडाळलेलं लोहचुंबक लावून बघा. एखाद्या जागी ते धरतच नसेल, तर तिथे पुट्टीचा जाड थर आहे असं समजा.

गंज वरवरचा असेल, भोक नसेल, तर काम सोपं आहे. डागाच्या चहूबाजूंनी तीन-चार सेंटिमीटर चांगला रंगही काढा, कारण गंज रंगाखालून सरकत गेलेला असतो. 80 नंबरच्या काचकागदाने पत्रा पांढरा लख्ख होईपर्यंत घासा. तरी सुईच्या टोकाएवढे काळे ठिपके उरतात. ते खड्डे आहेत, आणि पुढच्या वर्षीचा गंज तिथूनच उगवतो. त्यांत फॉस्फोरिक आम्लाचं गंजनाशक ब्रशने भरा, डब्यावर लिहिलंय तेवढा वेळ ठेवा, सांगितलं असेल तसं धुऊन पूर्ण सुकवा. त्यावर दोन भाग मिसळून वापरायचा इपॉक्सी प्रायमर, आणि तो त्याच दिवशी. समुद्राजवळ उघडा पत्रा रात्रभर राहिला तर सकाळी त्यावर तांबूस झाक आलेली असते, म्हणजे पुन्हा घासणं आलं.

पुट्टी प्रायमरवर. शंभर ग्रॅमला साधारण दोन ग्रॅम हार्डनर, म्हणजे पुट्टी घट्ट करणारी पेस्ट. जास्त घातला तर वरच्या रंगात डाग उतरतो, कमी पडला तर पुट्टी चिकट राहते. कालवल्यावर हाताशी चार-पाच मिनिटंच असतात, तेव्हा लिंबाएवढीच घ्या. थर दोन-तीन मिलिमीटरच्या वर नको. आणि पॉलिएस्टर पुट्टी कोरडीच घासा. पाणी लावून घासायची सवय अनेक ठिकाणी आहे, धूळ उडत नाही म्हणून. पण ही पुट्टी स्पंजासारखं पाणी पिते आणि ते पाणी रंगाखाली कोंडतं. वॉटर पेपर नंतर, सरफेसरवर, म्हणजे रंगाआधी पुट्टीवर मारतात त्या थरावर, 600 किंवा 800 नंबरचा.

आता भोक. बाहेरून नखाएवढं दिसलं, तरी भोवतीचा पत्रा कागदासारखा पातळ झालेला असतो. जाळी किंवा फायबर मॅट लावून वर पुट्टी ओढली, की गाडी विकण्यापुरती दिसते छान, आणि एका पावसाळ्यात तिथेच फुगते. ती दुरुस्ती नव्हे, झाकपाक.

सडलेला भाग कापायचा तो चांगला पत्रा लागेपर्यंत, आणि त्यापुढे दोन सेंटिमीटर. कोपरे गोलाकार ठेवा. ठिगळ 22 गेजच्या पत्र्याचं, म्हणजे साधारण पाऊण मिलिमीटर जाडीचं. ते कडेला कड भिडवून बसवा. एकावर एक चढवलं तर मधल्या फटीत पुन्हा पाणी. वेल्डिंग मिगचं, म्हणजे बंदुकीतून तार आपोआप पुढे येते ते, सलग रेघ न ओढता टाके घालत. एक टाका इथे, दुसरा समोरच्या टोकाला, हात लावून पत्रा कोमट झाला की पुढचा. घाई केली तर पत्रा तापून लाटेसारखा वाकतो आणि ती लाट झाकायला मग पुट्टीच लागते. त्याआधी बॅटरीची निगेटिव्ह तार काढा, दरवाजाचं आतलं पॅड उतरवा, कारण ते चटकन पेटतं, आणि विझवायचं साधन हाताशी ठेवा. पेट्रोलच्या टाकीजवळ किंवा सीएनजीच्या गाडीवर हे काम घरी करूच नका. रनिंग बोर्डाखालचा पत्रा, सस्पेन्शनची बैठक, सीटबेल्टचा बोल्ट जिथे बसतो ती जागा, यांतला गंज रंगाऱ्याचा नाही, बॉडीच्या चांगल्या कारागिराचा विषय आहे. अपघातात त्याच जागा माणसाला सांभाळतात.

रंगासाठी हवा कोरडी असलेला दिवस निवडा. दमट हवेत लॅकरचा रंग पांढुरका पडतो. हार्डनरवाला रंग फवारताना कापडी मास्क कामाचा नाही. त्याची वाफ छातीला बाधते, म्हणून हे फवाऱ्याचं काम बूथ असलेल्या ठिकाणी दिलेलंच बरं.

उरलं शेवटचं काम, आणि नेमकं हेच बहुतेक ठिकाणी राहून जातं. बाहेरून रंग झाला, पण ठिगळाची आतली बाजू वेल्डिंगने जळून उघडी पडलेली असते. तिथे प्रायमर, सांध्यावर सीलर, आणि रंग पूर्ण वाळल्यावर लांब नळीने दरवाजाच्या पोकळीत मेणाचा फवारा. रंगाच्या आधी मेण मारू नका, त्याचा अंश पत्र्यावर आला तर रंग धरत नाही. फवारताना गाडीखाली जुनं वर्तमानपत्र पसरा. निचऱ्याच्या भोकांतून मेणाचे थेंब पडायला लागले, की ते दुमडीपर्यंत पोचलंय. मग तोच केबल टाय घेऊन भोकं परत मोकळी करा.