वीरगळाचा फोटो कोणाचा

(दृश्य: रात्रीची वेळ, लॅपटॉपची स्क्रीन, एकामागून एक नवीन फोटो येतायत)

रात्री साडेदहा, घरातलं सगळं आवरलं की मी हे पान उघडून बसते. विकिमीडिया कॉमन्स. विकिपीडियावरच्या लेखांत जे फोटो दिसतात ना, त्यातले बहुतेक इथे ठेवलेले असतात. ७ सप्टेंबर २००४ ला हे सुरू झालं आणि आज इथे १० कोटींच्या वर फाइल्स आहेत, आणि त्या बघायचं, लावायचं, निस्तरायचं काम करणारे जवळजवळ सगळे माझ्यासारखेच, कोणी शिक्षक, कोणी बँकेत, कोणी रिटायर्ड, पगार कोणालाच नाही.

मी आले ते स्पर्धेमुळे. विकी लव्हज मॉन्युमेंट्स, दर सप्टेंबरात असते, आपल्या आजूबाजूच्या जुन्या वास्तूंचे फोटो काढायचे आणि इथे टाकायचे. २०१० ला नेदरलँड्समध्ये सुरू झाली, २०१२ ला भारत पहिल्यांदा उतरला आणि त्याच वर्षी जगातला पहिला नंबर दिल्लीच्या सफदरजंग मकबऱ्याच्या फोटोला मिळाला. मी सिन्नरचं गोंदेश्वर टाकलं होतं. बक्षीस वगैरे काही नाही, पण तो फोटो एका लेखात लागलेला दिसला आणि मग मी इथलीच झाले.

(दृश्य: गोंदेश्वर मंदिर, सकाळचं ऊन)

फोटो टाकणं सोपं आहे हो. खरं काम त्याच्या नंतरचं. फाइलचं नाव नुसतं आयएमजी आणि पुढे चार आकडे असं असेल तर तो फोटो कोणालाच सापडणार नाही, म्हणजे असून नसल्यासारखा. मग नाव बदला, मराठीत वर्णन लिहा, गाव तालुका टाका, नकाशावरची जागा टाका, बरोबर कॅटेगरीत बसवा. आणि कॉपीराइट बघा, हे सगळ्यात किचकट. चौकातल्या पुतळ्याचा फोटो आपल्याकडच्या कायद्यात चालतो, पण त्याच चौकातल्या भिंतीवर आत्ता कोणी रंगवलेलं चित्र असेल तर ते इथे चालत नाही, ते त्या चित्रकाराचं. हे नवीन माणसाला समजावताना माझी दरवेळी दमछाक होते.

आता ती गोष्ट सांगते जिच्यासाठी हा व्हिडिओ करतेय.

एका रात्री माण तालुक्यातल्या एका मुलाने तीसेक फोटो टाकले, सगळे वीरगळांचे, म्हणजे लढाईत पडलेल्या वीरांच्या आठवणीसाठी उभारलेल्या कोरीव दगडांचे. साइज बारीक, कॅमेऱ्याची माहिती काहीच नाही, तारीख नाही. असे फोटो आले की आम्हाला पहिला संशय येतो की नेटवरून उचललेत, कारण रोज तसे शेकड्याने येतात. मी ते सगळे काढून टाकण्याच्या चर्चेला लावले. नियमाप्रमाणे लावले, एक साचेबंद इंग्रजी मेसेज त्याच्या पानावर गेला आणि मी झोपले.

चौथ्या दिवशी त्याचं उत्तर आलं. "ताई ते फोटो माझेच आहेत, मी आणि माझ्या आजोबांनी सायकलवर फिरून काढलेत. चोरलेत असं का लिहिलं."

मला ते वाचून कसंतरी झालं. मी त्याला मराठीत लिहिलं, आधी सॉरी म्हटलं, मग विचारलं की बाबा फोटो टाकलेस कुठून. तर फोटो आजोबांच्या मोबाईलमध्ये, तिथून व्हॉट्सॲपवर ह्याच्याकडे, तिथून इथे. व्हॉट्सॲपवरून साधा फोटो पाठवला की तो बारीक होतो आणि त्यातली तारीख, कॅमेरा, जागा सगळं पुसलं जातं. म्हणजे मी ज्याला चोरीचा पुरावा समजत होते ते नुसतं व्हॉट्सॲप होतं. त्याला म्हटलं, आजोबांच्या मोबाईलमधूनच डायरेक्ट टाक, त्याच फाइलवर नवीन प्रत म्हणून. ही चर्चा कमीत कमी सात दिवस चालते, त्याने सहाव्या दिवशी सगळे मूळ फोटो चढवले. मी फोटो काढून टाकायची माझी विनंती मागे घेतली.

(दृश्य: वीरगळाचा फोटो, हळूहळू जवळ जात)

हा बघा त्यातला एक. सगळ्यात खाली लढाई, आडव्या पडलेल्या गाई दिसतायत, म्हणजे गोधन वाचवताना हा वीर पडला. त्याच्या वर अप्सरा त्याला घेऊन चालल्यात. त्याच्या वर तो शिवलिंगापुढे हात जोडून बसलाय, आणि टोकाला चंद्र-सूर्य, ते आहेत तोवर ह्याचं नाव राहील म्हणून. नाव मात्र दगडावर कुठेच कोरलेलं नाही. ढालीच्या कडेचे टिंब मोजता येतात इतका हा फोटो स्वच्छ आहे, व्हॉट्सॲपवाल्या प्रतीत तिथे नुसता करडा डाग होता.

त्यानंतर मी एक ठरवलं, नवीन माणसाचे फोटो चर्चेला लावायच्या आधी एकदा मराठीत विचारायचं. कुठून काढलास, कधी काढलास, एवढंच. वेळ जातो, मान्य, रांग वाढते, आमच्यातल्या काहींना हे पटत नाही आणि त्यांचंही चुकत नाही, एवढ्या फाइल्स आणि हात मोजकेच. पण ज्याला पहिल्याच आठवड्यात चोर म्हटलं तो पुन्हा कशाला येईल, आणि माणमधल्या ओढ्याकाठचा दगड मी पुण्यात बसून कुठून आणणार?

(दृश्य: दोन फोटो शेजारीशेजारी)

मागच्या महिन्यात त्याने आणखी एक फोटो टाकला. तोच वीरगळ. देवळाचा जीर्णोद्धार झाला, दगड नव्या भिंतीत बसवला आणि त्यावर ऑइलपेंट मारलाय, वीर पिवळा, गाई पांढऱ्या, टिंब रंगाखाली बुजलेत. वर्णनात त्याने लिहिलंय, "आधीची जागा ओढ्याजवळ, जुना फोटो बघा." आणि जुन्या फाइलची लिंक स्वतःच दिलीय, कॅटेगरीसुद्धा बरोबर लावलीय. फोटो काढणाऱ्याच्या रकान्यात पहिलं नाव आजोबांचं आहे.