कापसाच्या काट्यापाशी

(यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावात चर्चमधल्या कापणीच्या सणाला दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)

बंधूंनो, बहिणींनो, वेदीपुढे कापूस आहे, सोयाबीन आहे, कुणी कोहळं आणलंय. देवानं दिलं, त्यातलं आपण देवापुढे ठेवलं. चांगलंच केलं. पण देवाच्या प्रीतीला उत्तर द्यायची जागा एवढीच नाही, म्हणून आज बायबलातल्या जक्कयाबद्दल बोलतो.

जक्कय यरीहोतला मुख्य जकातदार, पैसेवाला माणूस. येशूला पाहायला तो उंबरावर चढला. येशूनं वर बघून काय म्हटलं? लवकर खाली उतर, आज मला तुझ्या घरी राहायचं आहे. आधी लोकांचे पैसे परत कर, मग येतो, असं नाही म्हटलं. लोक कुरकुरले, पाप्याच्या घरी पाहुणा गेला म्हणून. आणि मग, कुणी मागितलं नसताना जक्कय उभा राहिला: अर्धं धन गरिबांना देतो, कुणाचं अन्यायानं घेतलं असेल तर चौपट परत करतो. प्रीती आधी आली, हिशोब मागून बदलला. योहानही आपल्या पहिल्या पत्रात हेच सांगतो, की आपण प्रीती करतो ती त्यानं आधी आपल्यावर केली म्हणून.

सेवेचं नाव निघालं की आपण अचलपूरजवळच्या कोठाऱ्याच्या कुष्ठरोग रुग्णालयाचं उदाहरण देतो. ते काम मोठंच आहे. पण मोठ्या कामाकडे बोट दाखवताना आपल्या शेताचा धुरा नजरेआड होऊ नये.

आता वेचणीचे दिवस. बाया सकाळी दवातच सरीत उतरतात. बोंडाची टोकं बोटांना टोचतात, ओटी भरते, संध्याकाळी गाठोडं वजनकाट्यावर चढतं. मजुरी किलोवर. कापूस ओला आहे म्हणून मालकानं अर्धा किलो कापला, तर ती बाई काय बोलणार? उद्या कामाला बोलावणार नाहीत, ही भीती असते. वरून चुकारा, म्हणजे मजुरीचे पैसे, बाजाराच्या दिवशी, आणि त्या दिवशीही कधी 'पुढच्या बाजारी बघू'. तिच्या घरचं तेल-मीठ त्या चुकाऱ्यावर यायचं असतं.

बायबलातल्या लेवीय पुस्तकाच्या 19व्या अध्यायात मजुराची मजुरी सकाळपर्यंत आपल्याजवळ ठेवू नको, असं आहे. खोटी वजनं वापरू नका, हेही त्याच अध्यायात. शेताच्या कडेकोपऱ्यातलं पीक आणि कापणीनंतर पडून राहिलेला सरवा गरिबासाठी, परक्यासाठी सोडा, हेही तिथलंच. आणि 'शेजाऱ्यावर स्वतःसारखी प्रीती कर' ही आपली तोंडपाठ आज्ञा त्याच अध्यायातली, मजुरीच्या आज्ञेनंतर पाचच वचनांनी. देवानं ही दोन्ही वचनं लांब ठेवली नाहीत, आपण ठेवतो.

इथं बसलेल्यांपैकी पुष्कळ जणी स्वतःच दुसऱ्याच्या शेतात वेचायला जातात. त्यांना सांगतो, बाई, हक्काचा चुकारा मागणं प्रीतीच्या विरुद्ध नाही. अडकवलेली मजुरी ओरडते आणि ती आरोळी प्रभूच्या कानी जाते, असं याकोबानं आपल्या पत्रात लिहिलंय. तुम्ही मागता तेव्हा तो तुमच्या बाजूनं ऐकत असतो.

आणि ज्यांच्याकडे कुणाचा चुकारा बाकी असेल, त्यांनी बाजाराची वाट बघू नये. वेदीपुढच्या वस्तूंचा लिलाव दुपारी आहे. त्याआधी घरी जाऊन यायला वेळ आहे.