पोटातल्या बॅक्टेरियाचं जेवण

राम राम मंडळी. आज पॉलिसॅकराइड्सवर बोलायचंय, नाव जड आहे पण वस्तू आपल्या ताटातलीच, झाडं साखरेच्या कणाला कण जोडून लांबच लांब साखळ्या बनवतात ना, त्या. चमचाभर जवस पाण्यात भिजत घाला, थोड्या वेळानं दाण्याभोवती बुळबुळीत थर येतो, बोटाला लागला की तार सुटते, तो थर म्हणजे पॉलिसॅकराइड. पेरूतलं पेक्टिन, कांदा-लसणातलं इन्युलिन, ज्वारीच्या सालीतलं अरॅबिनोझायलन, सगळी त्याचीच भावंडं.

आता गंमत बघा, यातल्या बऱ्याच साखळ्या तोडायचं एन्झाइमच आपल्याकडं नाही, त्या न पचता मोठ्या आतड्यात जातात आणि तिथले बॅक्टेरिया त्या आंबवून खातात, त्यातून ब्युटिरेटसारखी आम्लं तयार होतात आणि आतड्याच्या अस्तराच्या पेशी मुख्यतः त्या ब्युटिरेटवरच जगतात. उंदरांवरच्या अभ्यासात असंही दिसलंय की ब्युटिरेटमुळं टी-रेग पेशी वाढतात, या पेशी इम्युनिटीला लगाम घालतात, कारण इम्युनिटी नुसती भडकून चालत नाही, ती आपल्याच अंगावर उलटते.

आणि बॅक्टेरियाला उपाशी ठेवलं तर? 2016 साली उंदरांवरचाच एक अभ्यास आला, फायबर, म्हणजे याच न पचणाऱ्या साखळ्या, बंद केल्यावर बॅक्टेरिया आतड्याचा चिकट संरक्षक थरच खायला लागले, थर पातळ झाला आणि रोगजंतूंना आत शिरणं सोपं झालं. मला हे फार महत्त्वाचं वाटतं, कारण आपल्याकडं लातूर म्हणा परभणी म्हणा, पोरांच्या डब्यातली भाकर जाऊन मैद्याची बिस्किटं आलीत.

शिळ्या भाकरीला तर अजिबात नावं ठेवू नका, भाकर गार झाली की तिच्यातल्या स्टार्चचा थोडा भाग असा घट्ट बसतो की आपल्याला पचत नाही, तो थेट बॅक्टेरियाला मिळतो. सोबत ताक, कांदा, जवसाची चटणी, अजून काय पाहिजे!

इम्युनिटीच्या महागड्या पावडरींवर मात्र लगेच पैसे घालू नका, प्रयोगशाळेत काचेच्या बशीतल्या पेशींवर अर्क टाकून जे दिसतं ते माणसाच्या पोटात होईलच असं नसतं. डब्ल्यूएचओ मोठ्या माणसाला दिवसाला किमान 25 ग्रॅम फायबर सांगते, ते भाकर, डाळी, भाज्या, फळं यातून घ्या. सवय नसेल तर हळूहळू वाढवा, एकदम वाढवलं की गॅस धरतो, पाणी भरपूर प्या, आणि आतड्याचा आजार असलेल्यांनी आधी डॉक्टरांना विचारा.