तलवार नक्की कुठे आहे?

दृश्य: ऑनलाइन गेमचा स्क्रीन. बॅग, म्हणजे खेळाडूच्या सामानाची ‘इन्व्हेंटरी’, उघडते, चौकोनांची जाळी दिसते. माउसने एक तलवार ओढून खालच्या रांगेत सोडली जाते.

निवेदन: तलवार तिसऱ्या चौकोनातून उचलली, सातव्यात ठेवली. खेळणाऱ्याच्या लेखी विषय संपला. आता तेच पुन्हा बघा. या वेळी नेटवर्कला मुद्दाम उशीर लावला आहे.

दृश्य: तीच हालचाल. तलवार सातव्या चौकोनात दिसते. थोड्या वेळाने टुणकन तिसऱ्यात परत येते.

निवेदन: परत आली, कारण ती मुळात हललीच नव्हती. आपल्या संगणकावर चालतो तो प्रोग्राम म्हणजे क्लायंट, आणि क्लायंटच्या हातात काही नसतं. तो सर्व्हरकडे, म्हणजे गेम कंपनीच्या संगणकाकडे, फक्त मागणी करतो. सर्व्हर तपासतो: तिसऱ्या स्लॉटमध्ये, म्हणजे चौकोनात, खरंच काही आहे का, ते याच खेळाडूचं आहे का, सातवा रिकामा आहे का. तेवढा वेळ स्क्रीन थिजून राहिला तर खेळणारा वैतागेल, म्हणून क्लायंट उत्तराची वाट न बघता तलवार सरकवून मोकळा होतो. बहुतेक वेळा सर्व्हर हो म्हणतो. इथं आम्ही त्याला नाही म्हणायला लावलं.

हे शहाणपण फुकट आलेलं नाही. १९९७च्या सुमारास ‘डायब्लो’ इंटरनेटवर खेळला जाऊ लागला, तेव्हा पात्र आणि त्याचं सगळं सामान खेळाडूच्याच हार्ड डिस्कवर साठवलं जायचं. चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या. वस्तूंच्या नकलांचा सुळसुळाट झाला. २००० साली ‘डायब्लो २’ आला, तेव्हा बॅटल डॉट नेट या कंपनीच्या ऑनलाइन सेवेच्या बंद विभागातली पात्रं कंपनीच्या सर्व्हरवर गेली. नकला तरीही पूर्ण थांबल्या नाहीत. का, ते पुढे दिसेलच.

दृश्य: मॉनिटरचा क्लोज-अप. डेटाबेसची दोन टेबलं शेजारी शेजारी.

निवेदन: डावीकडचं टेबल साच्यांचं. वस्तूचं नाव, चित्र, वजन, एका ढिगात किती नग मावतात. ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’मधल्या हार्थस्टोनचा साचा क्रमांक ६९४८. असंख्य खेळाडूंच्या बॅगेत तो दगड आहे, पण त्याचं वर्णन एकदाच लिहिलेलं असतं. उजवीकडचं टेबल प्रत्यक्ष वस्तूंचं. इथं प्रत्येक वस्तूला स्वतःचा क्रमांक, जो पुन्हा कुणालाच दिला जात नाही.

दृश्य: कर्सर एका ओळीवर थांबतो. ओळ मोठी होते.

निवेदन: आपली तलवार ही. वस्तू क्रमांक १०४७. साचा २२. बॅग ५. स्लॉट ३. टिकाऊपणा ६३. बस, एवढीच तलवार. बाकी चकाकी, खणखणाट, पात्यावरची निळी झाक, हे सगळं चित्रकाराचं आणि साउंडवाल्याचं काम.

या ओळीत एक नेमका निर्णय दडलेला आहे. बॅगेकडे वस्तूंची यादी नाही. ‘मी कुठे आहे’ हे वस्तूच सांगते. ओळ एक, जागा एक, त्यामुळे १०४७ एकाच वेळी दोन बॅगांत असू शकत नाही. आणि बॅग व स्लॉट या जोडीवर डेटाबेसचं बंधन घातलं की एका जागी दोन वस्तूही बसत नाहीत. हा नियम कोडमध्ये कुणी विसरलं तरी डेटाबेस विसरत नाही. मला विचाराल तर अख्ख्या इन्व्हेंटरीतली सगळ्यात देखणी गोष्ट हीच. ट्रेलरमध्ये मात्र ड्रॅगन असतो.

दृश्य: वेगवेगळ्या गेमच्या बॅगा, एकामागून एक.

निवेदन: बॅगांचे प्रकार अनेक. कुठे नुसते स्लॉट, जसे ‘वॉरक्राफ्ट’च्या मूळ बॅकपॅकमध्ये सोळा. कुठे जाळी: ‘डायब्लो २’मध्ये दहा बाय चार, आणि चिलखत दोन बाय तीन जागा अडवून बसतं. १९९७च्या ‘अल्टिमा ऑनलाइन’मध्ये तर वस्तू पिशवीत हवी तशी टाकता यायची, आणि पिशवीत पिशवी ठेवता यायची.

दृश्य: चाचणीचा गेम. एक पिशवी ओढून तिच्यातच टाकली जाते. सगळं सामान गायब.

निवेदन: पिशवी स्वतःच्याच पोटात गेली. आता ती कुठल्याच बॅगेतून सापडत नाही. वस्तू हलवण्याआधी वरच्या पिशव्यांची साखळी तपासायची असते. इथं ती तपासणी काढून टाकली होती.

दृश्य: दोन खिडक्या. डावीकडे एक खेळाडू, उजवीकडे दुसरा. मध्ये ट्रेडची, म्हणजे देवघेवीची, चौकट. खाली सर्व्हरचा लॉग, म्हणजे नोंदवही.

निवेदन: आता मुख्य प्रसंग. औषधी मुळ्यांचा वीसचा ढीग, त्यातल्या आठ द्यायच्या. ढिगाला वरचा नियम पुरत नाही, कारण ही वस्तू फुटते. जुन्या ओळीत बाराचा आकडा लिहायचा आणि आठची नवी ओळ जन्माला घालायची. कामं दोन झाली. कामं दोन म्हटलं की मध्ये फट आली. या कोडमध्ये आधी नवी ओळ लिहिली जाते, मग जुनीतून वजा होतं. फटीत सर्व्हर बंद पाडू.

दृश्य: टर्मिनलमध्ये प्रोसेस मारली जाते. सर्व्हर पुन्हा सुरू. डावीकडे वीस मुळ्या, उजवीकडे आठ. प्रोग्रामरचा चेहरा. निवेदन नाही.

निवेदन: अठ्ठावीस. क्रम उलटा ठेवला असता तर बारा उरल्या असत्या आणि आठ हवेत विरल्या असत्या. उपाय म्हणजे ट्रान्झॅक्शन: दोन्ही बदल एका गाठोड्यात डेटाबेसला द्यायचे, झाले तर दोन्ही होतील, नाहीतर एकही नाही. शिवाय गाठोडं पूर्ण होईपर्यंत त्या ओळींना कुलूप, म्हणजे त्याच क्षणी कुणी तोच ढीग जमिनीवर टाकायला गेला तर त्याला थांबावं लागेल. खेळाडू अशा फटी शोधतात, आणि चिकाटीनं शोधतात.

दृश्य: जुना स्क्रीन. सोन्याचा आकडा: २,१४,७४८ सोनं, ३६ चांदी, ४७ तांबं.

निवेदन: हा आकडा कुणी ठरवलेला नाही. ‘वॉरक्राफ्ट’मध्ये शंभर तांब्यांची एक चांदी, शंभर चांदीचं एक सोनं. सगळं तांब्यात मोजलं की होतात २,१४,७४,८३,६४७, म्हणजे बत्तीस बिटांच्या चिन्हासहित पूर्णांकात मावणारी सगळ्यात मोठी संख्या. अनेक वर्षं तीच तिथल्या श्रीमंतीची मर्यादा होती. २०१३च्या मे महिन्यात ‘डायब्लो ३’च्या लिलावघरात आकडा अशाच मर्यादेपलीकडे गेला, विक्री रद्द करणाऱ्यांना टाकल्यापेक्षा जास्त सोनं परत मिळू लागलं, लिलावघर तातडीनं बंद करावं लागलं. २०२१मध्ये ‘न्यू वर्ल्ड’ला सोन्याच्या नकलांपायी खेळाडूंमधली सगळी देवघेव काही काळ थांबवावी लागली.

दृश्य: लॉग भराभर सरकतो. मग एक ओळ थांबवून दाखवली जाते.

निवेदन: म्हणून ही वही. वस्तू क्रमांक, कुठून, कुठे, किती, का. यातली ओळ खोडायची नाही, चूक झाली तर खाली उलटी नोंद करायची, रोजमेळात करतात तशी. नक्कल सापडली की तिचा माग इथूनच लागतो. खरं तर हे सगळं पहिल्याच महिन्यात लिहायला हवं. पण वेळापत्रकात इन्व्हेंटरीच्या वाट्याला येतात उरलेसुरले दिवस.

दृश्य: चाचणी सुरू. शेकडो बॉट, म्हणजे आपोआप खेळणारे प्रोग्राम, एकमेकांशी ट्रेड करतात, मध्येच सर्व्हर कुठेही मारला जातो. शेवटी दोन बेरजा.

निवेदन: सुरुवातीच्या मुळ्या आणि शेवटच्या मुळ्या. जुळल्या. लिलावघर अजून लिहायचं आहे. तिथं वस्तू आणि सोनं एकाच गाठोड्यात हलवावं लागेल, आणि विकणारा बहुधा ऑफलाइन असेल.