आधी नदी, मग लाइन, शेवटी काठी

मंडळी, सॅमन माशासाठी पहिली फ्लाय रॉड, म्हणजे पिसांची कृत्रिम माशी (फ्लाय) फेकायची काठी, घ्यायची ठरली की बहुतेक जण थेट दुकानात जातात. भिंतीला टेकवलेली एक काठी उचलतात, हवेत दोनदा हलवतात आणि हाताला हलकी लागली की पैसे मोजतात. हा क्रम उलटा आहे. आधी नदी ठरवायची, मग त्या नदीत चालणारी फ्लाय, मग ती फ्लाय वाहून नेणारी लाइन. ती लाइन नीट फेकणारी काठी सगळ्यात शेवटी येते. आज मी स्कॉटलंड समोर ठेवून बोलणार आहे, कारण दोन हातांच्या काठीने फेकायची स्पे पद्धत तिथेच स्पे नदीच्या काठावर घडली.

लाइनला एवढं महत्त्व का, ते आधी पाहू. साध्या गळाला शिसं लावलेलं असतं. ते शिसं पुढे जातं आणि दोरा त्याच्यामागे ओढला जातो. पिसं आणि केस बांधून केलेल्या फ्लायला फेकण्याजोगं वजनच नसतं. इथे वजन असतं ते जाड लाइनचं. काठी त्या वजनाने वाकते, सुटताना लाइनला वेग देते आणि लाइन फ्लायला घेऊन जाते. म्हणून लाइनचं वजन चुकलं तर कितीही महागडी काठी घ्या, ती काम करत नाही.

आता नद्या. टे ही ब्रिटनमधली सर्वाधिक पाणी वाहून नेणारी नदी. तिच्या खालच्या रुंद पात्रात, फेब्रुवारी-मार्चच्या गार आणि चढ्या पाण्यात, बुडणारी लाइन आणि जड ट्यूब फ्लाय (नळीवर बांधलेली फ्लाय) लागते. तिथे 15 फुटी, 10 नंबरची काठी शोभते (नंबर म्हणजे काठी किती वजनाच्या लाइनसाठी आहे ते). उलट पश्चिम किनाऱ्यावरच्या लहान नद्या पाऊस पडला की भरतात आणि एक-दोन दिवसांत ओसरतात. तिथे एका हाताची 10 फुटी, 8 नंबरची काठी पुरते, लांब काठी झाडांत अडकते. स्पे, डी, ट्वीड या नद्यांची बहुतेक पात्रं या दोन टोकांच्या मधली.

एकच काठी घ्यायची असेल तर माझं मत स्पष्ट आहे: 14 फूट, 9 नंबर, चार तुकड्यांची. उंची बेताची असेल किंवा खांदा दुखरा असेल तर 13 फूट, 8-9 नंबर घ्या, फार काही गमावणार नाही. लांबीचा फायदा केवळ लांब फेकण्यात नाही. लांब काठी पाण्यावरची लाइन सहज उचलते, मागे झाडी असली तरी लाइनचा इंग्रजी डी अक्षरासारखा फुगा काठीमागे बनवते आणि फेक झाल्यावर लाइन उचलून प्रवाहाच्या वरच्या अंगाला टाकता येते, म्हणजे फ्लाय प्रवाहात सावकाश फिरते. सॅमन गोड्या पाण्यात आल्यावर खात नाही. तो फ्लाय धरतो ते भुकेने नव्हे. त्यामुळे फ्लाय त्याच्यासमोरून कोणत्या वेगाने जाते याला फार किंमत आहे, आणि तो वेग तुम्ही काठीच्या लांबीने सांभाळता.

नंबरांचा घोळ मात्र नीट समजून घ्या, कारण नवशिक्याचे सगळ्यात जास्त पैसे इथे वाया जातात. एका हाताच्या 9 नंबर लाइनच्या पहिल्या 30 फुटांचं वजन साधारण साडेपंधरा ग्रॅम असतं. दोन हातांच्या 9 नंबर काठीला जे शूटिंग हेड, म्हणजे लाइनचा पुढचा जाड, वजनदार भाग, लागतं त्याचं वजन 35 ते 38 ग्रॅमच्या आसपास असतं. नंबर तोच, वजन दुपटीहून जास्त. त्यातही कंपनीगणिक फरक. म्हणून लाइन नंबरावर घेऊ नका, ग्रॅमवर घ्या. काठी बनवणाऱ्याने कोणतं वजन सुचवलंय ते काठीवर किंवा त्यांच्या तक्त्यात पाहा आणि सुरुवातीला त्या मर्यादेच्या मधलं वजन निवडा. लाइन हलकी पडली तर काठी वाकतच नाही, नवशिका जोर वाढवतो आणि पाण्यावर टेकलेलं लाइनचं टोक मागे निसटतं. त्या टोकाची पाण्यावरची पकड हाच स्पे फेकीचा आधार आहे. लाइन जड पडली तर काठी मुठीपर्यंत वाकून राहते, मागचा फुगा खाली लोंबतो आणि लाइन समोर ढिगाने पडते.

हेडची लांबीही बघायची. 14 फुटी काठीला 38 ते 42 फुटांचं तरंगतं स्कँडी हेड (स्कँडिनेव्हियन धाटणीचं) शिकायला सोपं जातं. त्यामागे बारीक रनिंग लाइन, पुढे 10 फुटी पॉलीलीडर (निमुळता जोडदोरा) आणि 4-5 फूट टिपेट, म्हणजे फ्लाय बांधायचा शेवटचा बारीक दोरा. उन्हाळ्यात 12 ते 15 पौंड ताण सोसणारं टिपेट, वसंतात 20 पौंडांचं. पॉलीलीडर तरंगता आणि बुडता असे दोन-तीन प्रकार ठेवलेत की एकच हेड बऱ्याच प्रकारच्या पाण्यात चालतं. पासष्ट-सत्तर फुटांच्या लांब पोटाच्या (जाड भाग लांब असलेल्या) लाइनी दिसायला देखण्या, पण पहिल्या वर्षी त्यांच्या नादी लागू नका. स्कॅगिट हेड हा दुसरा प्रकार आखूड आणि जड असतो, ते बुडत्या टोकासाठी आणि मोठ्या फ्लायसाठी. गरज पडेल तेव्हा घ्या.

काठीचा वाक कुठून सुरू होतो, तेही तपासा. फक्त शेंड्याकडे वाकणारी ताठ काठी कसलेल्या हाताला दूरवर फेकून देते, पण तिच्यात वेळ अचूक साधावी लागते. मधल्या भागापासून शेंड्यापर्यंत वाकणारी काठी लाइनच्या वजनाने आपण पुरते कधी वाकलो हे हाताला सांगते. पहिल्या काठीत हाच गुण हवा. जुन्या ग्रीनहार्ट लाकडाच्या आणि चिरलेल्या बांबूच्या काठ्या मुठीपर्यंत वाकत. सुरुवातीच्या बांबूच्या काठ्यांना आपल्याकडचा, कलकत्त्याहून जाणारा बांबू लागायचा, पुढे चीनमधल्या टोंकिन बांबूने त्याची जागा घेतली. 1970च्या दशकात कार्बन फायबर आलं आणि काठीचं वजन एकदम उतरलं.

दुकानात काठी हलवून यातलं काही कळत नाही. स्पे फेकीला पाणी लागतं, गवतावरसुद्धा ती नीट होत नाही. म्हणून ज्या दुकानाकडे किंवा प्रशिक्षकाकडे नदीवर काठी वापरून बघायची सोय आहे, तिथेच जा. दोनशे-तीनशे पौंडांत आज चांगली पहिली काठी मिळते. उरलेले पैसे चांगल्या लाइनवर आणि शिकवणीच्या एका दिवसावर घाला. वापरलेली काठी घेत असाल तर लाइन ज्यातून जाते त्या प्रत्येक कडीच्या आतून कापसाचा बोळा फिरवा. धागे अडकले तर कडीला खाच पडली आहे आणि ती लाइन कापणार. सांध्यांच्या बाहेरच्या कडेला केसाएवढी चीर आहे का ते उजेडात धरून बघा.

रीळ मात्र साधं चालतं. त्यात हेड, 30-35 मीटर रनिंग लाइन आणि 30 पौंड ताण सोसणारं 150 मीटर बॅकिंग (लाइनमागचा राखीव दोरा) मावलं पाहिजे, आणि काठीला लावल्यावर तोल वरच्या हाताच्या बोटांजवळ आला पाहिजे. फार हलकं रीळ लावलं तर शेंडा जड होतो आणि दुपारपर्यंत मनगट बोलायला लागतं.

काठ्या मोडतात त्या मोठ्या माशाने क्वचितच. स्पे फेकीत काठीला पीळ बसतो आणि सांधे हळूहळू सुटतात. सैल सांध्याच्या पातळ कडेवर सगळा भार येतो आणि ती चिरते. जोडताना शेंड्याकडून सुरुवात करा, कड्या थोड्या तिरप्या ठेवून तुकडा आत सरकवा आणि फिरवत सरळ रेषेत आणा. मग प्रत्येक सांध्यावर इलेक्ट्रिशियनची चिकटपट्टी दोन-तीन वेढे घट्ट गुंडाळा आणि संध्याकाळी काढून टाका, नाहीतर गोंद चिकटून राहतो. दुसरं कारण धातूची ट्यूब फ्लाय. ती फेकीत काठीवर आदळली की बारीक टवका उडतो, आणि काठी मोडते दोन महिन्यांनी, दुसऱ्याच कुठल्या तरी माशावर. तिसरं, मासा पायाशी आल्यावर काठी उभी करून मागे ओढणं. सगळा वाक शेंड्यात जमा होतो. काठी आडवी, खाली धरून बाजूने ताण द्या. फ्लाय दगडात अडकली तर काठीने कधीही ओढू नका. काठी अडकल्या जागेकडे सरळ रोखा आणि लाइन हाताने ओढा.

वाऱ्याबद्दल दोन वाक्यं, कारण वाऱ्याने फ्लाय अंगावर आली तर हा डोळ्याचा प्रश्न आहे. वारा नदीच्या वरच्या दिशेने वाहत असेल तर सिंगल स्पे, खालच्या दिशेने असेल तर डबल स्पे किंवा स्नेक रोल (या सगळ्या फेकीच्या तऱ्हा, प्रशिक्षक दाखवेल). म्हणजे फुगा आणि फ्लाय दोन्ही वाऱ्याच्या आडोशाला, तुमच्यापासून दूर राहतात. चष्मा मात्र रोज लावायचाच. कार्बनमधून वीज वाहते, तेव्हा विजेच्या तारांखालून काठी आडवी धरून जा आणि ढग गडगडले की ती खाली ठेवून दूर व्हा.

स्कॉटलंडमध्ये रविवारी सॅमन धरायला बंदी आहे आणि पाण्याच्या मालकाची परवानगी लागते. ब्रिटनमधल्या अटलांटिक सॅमनला 2023च्या डिसेंबरमध्ये धोक्यात आलेल्या जातींच्या यादीत टाकलं गेलं. म्हणून काठी फार नाजूक घेऊ नका असं मी आग्रहाने सांगतो. कमकुवत काठीवर मासा दमून अर्धमेला होतो आणि सोडला तरी वाचत नाही. फ्लायच्या काट्याची दाढ, म्हणजे उलटं टोक, चिमट्याने दाबून टाका, मासा पाण्यातच ठेवा, तोंड प्रवाहाकडे करून धरा आणि तो स्वतः जोर लावेल तेव्हाच सोडा.

इथे एकाने विचारलं आहे की हीच काठी भारतात महाशीरसाठी चालेल का. फेकता येईल, पण योग्य नाही. तिथे फ्लाय बहुतेकदा हाताने खेचत, पळवत आणावी लागते आणि 14 फुटी काठीने ते काम अवघडल्यासारखं होतं. त्यासाठी एका हाताची 9 फुटी, 8 ते 10 नंबरची काठी आणि मजबूत काट्याच्या फ्लाय वेगळ्या घ्या.