बोटीवरचा आचारी : डोरिस मिलर

(पडद्यावर : टेक्सासमधली सपाट काळी जमीन, दूरवर वेको शहर)

टेक्सासमधल्या वेकोला १२ ऑक्टोबर १९१९ रोजी कॉनेरी आणि हेन्रिएटा मिलर यांना तिसरं मूल झालं. सुईण आधीपासून ठामपणे सांगत होती, या खेपेला मुलगीच. म्हणून नावही मुलीचं ठरलं होतं, डोरिस. झाला मुलगा, पण नाव तेच राहिलं.

मिलर कुटुंब वाट्यानं शेती करायचं. जमीन दुसऱ्याची, घाम यांचा. घरात चार मुलगे. त्यातला डोरिस आईला घरकामात हात लावायचा. शेतातलं काम असायचंच, शिवाय स्वयंपाक करायचा, कपडे धुवायचा. पुढे अख्ख्या अमेरिकेला माहीत झालेल्या या नौसैनिकाचं स्वयंपाकाचं पहिलं शिक्षण असं आईच्या चुलीपाशी झालं.

वेकोबद्दल एक गोष्ट सांगायलाच हवी. डोरिसच्या जन्माआधी तीन वर्षं, १५ मे १९१६ रोजी, याच गावात जेसी वॉशिंग्टन नावाच्या सतरा वर्षांच्या कृष्णवर्णीय मुलाला जमावानं न्यायालयातून ओढत बाहेर नेलं आणि नगरपालिकेच्या इमारतीसमोर जिवंत जाळलं. हजारो लोक बघायला जमले होते. त्याचे फोटो काढून पोस्टकार्डं छापली गेली. मिलर भावंडं या गावाच्या परिसरात लहानाची मोठी झाली. शाळा वेगळी, वस्ती वेगळी. कृष्णवर्णीयांना आपली म्हणता येईल, मान ताठ ठेवून बसता येईल अशी एक मोठी जागा होती, ती म्हणजे चर्च. या कथेत चर्च पुढे येणार आहे.

डोरिस शरीरानं दांडगा निघाला. सव्वासहा फुटांच्या आसपास उंची, भक्कम खांदे. ए. जे. मूर शाळेच्या फुटबॉल संघात तो फुलबॅक खेळायचा. अभ्यासात मात्र मागे राहिला. सतरा वर्षांचा झाला तरी आठवीतच होता, तेही वर्ष पुन्हा करायची वेळ आली, तेव्हा त्यानं शाळा सोडली. मंदीचे दिवस होते आणि कामं मिळत नव्हती. १६ सप्टेंबर १९३९ रोजी डॅलसच्या भरती केंद्रात जाऊन तो नौदलात दाखल झाला. थोडं जग बघता येईल, घरी पैसे पाठवता येतील, एवढाच हिशेब होता.

(पडद्यावर : अधिकाऱ्यांच्या जेवणाचं टेबल, मांडलेल्या ताटल्या)

नौदलात दाखल झाला म्हणजे नेमका कशात, ते नीट बघू या. १९१९ पासून जवळजवळ तेरा वर्षं अमेरिकी नौदलानं कृष्णवर्णीयांची नवी भरतीच बंद ठेवली होती. १९३२ मध्ये दार उघडलं, ते थेट भटारखान्याचं. त्यांच्यासाठी एकच शाखा होती, मेसमन. अधिकाऱ्यांची टेबलं मांडायची, त्यांना वाढायचं, भांडी घासायची, त्यांच्या खाटा आवरायच्या, बूट पॉलिश करायचे, मळके कपडे गोळा करून धुवायला न्यायचे. तोफखान्याचं किंवा इंजिनाचं काम त्यांना शिकता येत नसे. बिनतारी संदेश, दिशादर्शन, यातलं काहीही नाही. कितीही वर्षं नोकरी केली तरी दुसऱ्या शाखेतल्या पोरसवदा गोऱ्या खलाशालाही हुकूम देता येत नसे.

स्वयंपाकात किंवा वाढण्यात मला कुठलाही कमीपणा दिसत नाही. समुद्रावर महिनोन्‌महिने राहणाऱ्या माणसांना दोन वेळा नीट जेवायला घालणं हे जोखमीचं आणि कष्टाचं काम आहे. अन्याय होता तो सक्तीत. कातडीचा रंग बघून माणसाच्या हातात पळी द्यायची आणि बाकी सगळी दारं लावून घ्यायची, यात होता.

व्हर्जिनियातल्या नॉरफोकला प्रशिक्षण झालं. काही काळ ‘पायरो’ या दारूगोळा वाहून नेणाऱ्या जहाजावर काढल्यावर जानेवारी १९४० मध्ये डोरिस ‘वेस्ट व्हर्जिनिया’ या युद्धनौकेवर आला. इथे तो मुष्टियुद्धात उतरला आणि जहाजाचा हेवीवेट विजेता झाला. पंधराशेच्या वर माणसांच्या त्या जहाजावर या मेसमनला बहुतेक सगळे ओळखू लागले, ते रिंगणातल्या ठोशांमुळे.

(पडद्यावर : पर्ल हार्बर, रांगेनं नांगरलेल्या युद्धनौका)

७ डिसेंबर १९४१, रविवार. हवाई बेटांवरचं पर्ल हार्बर. डोरिस सहाला उठला होता. नाश्ता वाढून झाला होता आणि तो अधिकाऱ्यांचे कपडे गोळा करत फिरत होता. आठाला तीन मिनिटं कमी असताना जपानी विमानानं सोडलेला पहिला टॉर्पेडो ‘वेस्ट व्हर्जिनिया’वर आदळला. त्यामागून आणखी आदळत गेले.

धोक्याचा भोंगा झाला. लढाईच्या वेळी डोरिसची नेमणूक जहाजाच्या मधल्या भागातल्या विमानविरोधी तोफांच्या दारूगोळा कोठारात होती. तो तिथे धावला, तर ते कोठार टॉर्पेडोनं आधीच उद्ध्वस्त केलेलं. मग तो जहाजावरच्या ‘टाइम्स स्क्वेअर’ म्हटल्या जाणाऱ्या चौकात आला आणि मिळेल ते काम करायला उभा राहिला. लेफ्टनंट कमांडर डोयर जॉन्सन यांनी त्याची अंगकाठी बघून त्याला बरोबर घेतलं. वर ब्रिजवर, म्हणजे जहाज जिथून चालवतात त्या मंचावर, कॅप्टन मर्विन बेनियन जबर जखमी होऊन पडले होते. शेजारच्या ‘टेनेसी’ युद्धनौकेवर पडलेल्या बॉम्बचा तुकडा त्यांच्या पोटात घुसला होता.

कॅप्टन बेनियन युटा राज्यातले, लॅटर-डे सेंट्स पंथाचे श्रद्धाळू गृहस्थ. आतडी फाटलेली असताना ते जहाजाची स्थिती विचारत होते आणि खाली न्यायला साफ नकार देत होते. डोरिसनं आणि बाकीच्यांनी त्यांना उचलून त्यातल्या त्यात आडोशाला नेलं. पुढे काही वेळानं त्यांनी ब्रिजवरच प्राण सोडला.

त्याआधी लेफ्टनंट फ्रेडरिक व्हाइट यांनी डोरिसला मशीनगनपाशी नेलं. पॉइंट पन्नास कॅलिबरच्या दोन विमानविरोधी मशीनगन पुढे मोकळ्या पडल्या होत्या. डोरिसला त्या चालवायचं शिक्षण कुणी दिलेलं नव्हतं. त्यानं काडतुसांचे पट्टे पुरवावेत एवढीच व्हाइट यांची अपेक्षा होती. त्यांनी क्षणभर दुसरीकडे लक्ष दिलं आणि वळून बघतात तर डोरिस एका मशीनगनमागे उभा राहून गोळ्या झाडत होता. काडतुसं संपेपर्यंत तो थांबला नाही. नंतर त्यानं सांगितलं, “काही अवघड नव्हतं. मी नुसता घोडा दाबला आणि ती बरोबर चालली. दुसऱ्यांना या गन चालवताना मी पाहिलं होतं.” पंधराएक मिनिटं चालवली असेल, असा त्याचा अंदाज होता.

त्यानं किती विमानं पाडली, यावर पुढे वर्तमानपत्रांतून आकडे फुगत गेले. एक विमान टिपलं असावं, एवढंच त्याचं स्वतःचं म्हणणं होतं. मानपत्रात विमानांचा आकडा नाही. मला त्या आकड्यापेक्षा त्यानंतरचा अर्धा-पाऊण तास मोठा वाटतो. जहाज बुडत चाललं होतं, डेकवर आग होती, पाण्यावर तेलाचा थर होता आणि तेलानं माखलेलं माणूस हाताला धड लागत नव्हतं. त्या तेलापाण्यातून डोरिस जखमी खलाशांना ओढत, उचलत जहाजाच्या मागच्या डेकवर नेत राहिला. त्याच्यामुळे कितीतरी जण वाचले. जहाज सोडण्याचा हुकूम झाल्यावर अगदी शेवटी उतरणाऱ्यांत तो होता. ‘वेस्ट व्हर्जिनिया’ उथळ बंदराच्या तळाला जाऊन टेकली. तिच्यावरचे शंभराहून अधिक जण त्या दिवशी मारले गेले.

(पडद्यावर : जुन्या वर्तमानपत्रांची पानं)

नौदलानं शूरांची यादी काढली, तेव्हा त्यात त्याचा उल्लेख ‘एक अनामिक निग्रो’ असा होता. ज्याच्या हातचा नाश्ता अधिकारी रोज खात होते, ज्याला मुष्टियुद्धाचा विजेता म्हणून अख्खं जहाज ओळखत होतं, त्याचं नाव छापायला नौदलाला जमलं नाही. मग कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या एनएएसीपी या संघटनेनं आणि ‘पिट्सबर्ग कुरिअर’ या कृष्णवर्णीयांच्या साप्ताहिकानं पाठपुरावा केला आणि मार्च १९४२ मध्ये नाव छापून आलं. वेकोजवळच्या त्या शेतावर आपल्याच पोराचा पराक्रम आईवडिलांना कळायला तीन महिने लागले.

नौदलमंत्री फ्रँक नॉक्स नुसत्या प्रशस्तिपत्रावर थांबणार होते. लोकांचा दबाव वाढला आणि राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी नेव्ही क्रॉस हे नौदलाचं शौर्यपदक मंजूर केलं. २७ मे १९४२ रोजी पर्ल हार्बरमध्ये ‘एंटरप्राइज’ या विमानवाहू नौकेवर अॅडमिरल चेस्टर निमिट्झ यांनी ते पदक त्याच्या छातीवर लावलं. निमिट्झही टेक्सासचेच. त्यांनी भाषणात सांगितलं, की या युद्धात पॅसिफिक आरमारानं या वंशाच्या माणसाचा एवढा मोठा सन्मान करण्याची ही पहिलीच वेळ आहे, आणि पुढे इतरांचाही असा सन्मान होईल याची मला खात्री आहे. दुसऱ्या दिवशी ‘एंटरप्राइज’ मिडवेच्या लढाईसाठी निघून गेली.

पदक मिळालं, पण काम बदललं नाही. नेव्ही क्रॉस मिळवणारा माणूस परत टेबलं मांडायला गेला. ‘कुरिअर’नं यावर सतत लिहिलं. गोऱ्या वीरांना देशभर फिरवून सत्कार करता, मग मिलरला घरी का पाठवत नाही, असा त्यांचा सवाल होता. तोवर १ जून १९४२ पासून नौदलानं सर्वसाधारण शाखाही कृष्णवर्णीयांना उघडल्या होत्या. युद्धाला माणसं कमी पडत होती, लोकांचा दबाव होता, आणि त्या दबावात मिलरचं नाव आघाडीवर होतं.

अखेर १९४२ च्या शेवटी त्याला मायदेशी बोलावलं. युद्धरोख्यांच्या प्रचारासाठी तो ओकलंड, डॅलस असा फिरला. वेकोला घरी आला. ग्रेट लेक्सच्या प्रशिक्षण केंद्रातून बाहेर पडणाऱ्या कृष्णवर्णीय खलाशांच्या पहिल्या तुकडीसमोर बोलला. भरतीच्या भित्तिचित्रावर त्याचा चेहरा छापला गेला.

१ जून १९४३ रोजी त्याला बढती मिळाली : शिप्स कुक, थर्ड क्लास. आता तो रीतसर जहाजाचा आचारी झाला. ‘लिस्कम बे’ या नव्या, लहान विमानवाहू नौकेवर त्याची नेमणूक झाली.

(पडद्यावर : प्रशांत महासागर, गिल्बर्ट बेटांचा नकाशा)

नोव्हेंबर १९४३ मध्ये गिल्बर्ट बेटांची मोहीम चालू होती. २४ तारखेच्या पहाटे, पाच वाजून गेल्यावर, मेकिन बेटाजवळ जपानी पाणबुडी ‘आय-१७५’चा टॉर्पेडो ‘लिस्कम बे’ला लागला. तो नेमका विमानांच्या बॉम्बच्या कोठारापाशी फुटला आणि जहाजाचा मागचा भागच उडाला. अवघ्या तेवीस मिनिटांत जहाज बुडालं. वाचले २७२, गेले ६४४. दुसऱ्या दिवशी थँक्सगिव्हिंगचा सण होता. अमेरिकी जहाजांवरच्या आचाऱ्यांचा वर्षातला हा मोठा दिवस. डोरिस चोवीस वर्षांचा होता. त्याचा मृतदेह मिळाला नाही.

घरी तार आली ती ७ डिसेंबर १९४३ रोजी. पर्ल हार्बरला बरोबर दोन वर्षं झाली होती. तारेत एवढंच होतं : बेपत्ता. मृत घोषित करायला नौदलानं आणखी जवळजवळ वर्ष घेतलं. हेन्रिएटा आणि कॉनेरी यांना ना देह मिळाला, ना कबरीची जागा.

मग गावातलं चर्च पुढे आलं. सरकारी कागदाची वाट न बघता ३० एप्रिल १९४४ रोजी वेकोच्या सेकंड बॅप्टिस्ट चर्चमध्ये डोरिससाठी स्मरणप्रार्थना झाली. ज्या शहरात कृष्णवर्णीय मुलाला भर चौकात जाळलं होतं, तिथे आपल्या एका मुलाला त्याच्या माणसांनी आपल्या रीतीनं, आपल्या देवासमोर निरोप दिला. महिन्याभरात मूर शाळेत त्याच्या नावाची ग्रॅनाइटची शिळा बसली. अॅडमिरलनं लावलेल्या पदकाइतकाच हा सन्मान मोलाचा आहे, असं मी मानतो.

(पडद्यावर : वेको, ब्राझोस नदीकाठचं स्मारक)

१९४८ मध्ये राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांच्या आदेशानं सैन्यातला वंशभेद कागदोपत्री संपला. अधिकाऱ्यांची सरबराई करणाऱ्या स्टुअर्डांची वेगळी शाखा मात्र सत्तरच्या दशकापर्यंत राहिली आणि तिच्यात मुख्यतः कृष्णवर्णीय आणि फिलिपिनो माणसंच राबत होती. मिलरचं नाव १९७३ मध्ये एका लढाऊ जहाजाला मिळालं, २०१० मध्ये टपाल तिकिटावर तो आला. वेकोच्या माजी सैनिकांच्या रुग्णालयाला आणि शहरातल्या नदीकाठच्या स्मारकालाही आता त्याचंच नाव आहे. कॅप्टन बेनियन यांना मरणोत्तर मेडल ऑफ ऑनर हे अमेरिकेचं सर्वोच्च शौर्यपदक मिळालं. डोरिसलाही ते मिळावं, अशी मागणी टेक्सासचे लोकप्रतिनिधी अनेक वर्षं अमेरिकी संसदेत, म्हणजे काँग्रेसमध्ये, करत आले आहेत. ती मागणी मला रास्त वाटते.

२० जानेवारी २०२० रोजी, मार्टिन ल्यूथर किंग यांच्या जयंतीनिमित्तच्या सुट्टीच्या दिवशी, पर्ल हार्बरमध्ये अमेरिकी नौदलानं जाहीर केलं, की फोर्ड वर्गातल्या एका नव्या महाकाय विमानवाहू नौकेचं नाव ‘डोरिस मिलर’ असेल. अशा नौकांना आजवर बहुतेक राष्ट्राध्यक्षांची नावं मिळत आली. डोरिसच्या छातीवर पदक लावणारे निमिट्झ, त्यांच्या नावाची नौका १९७५ मध्ये सेवेत आली. आता त्याच मालिकेत वेकोच्या शेतकऱ्याचा मुलगा, शिप्स कुक थर्ड क्लास डोरिस मिलर, याचं नाव लागलं आहे. साध्या खलाशाचं नाव मिळालेली ही पहिलीच महाकाय विमानवाहू नौका.